मालदीवच्या ऑल-इन्क्लुझिव्ह रिसॉर्टला निघताय? या चुका इंदूरमध्येच टाळा

इंदूरच्या मराठी कुटुंबांच्या परदेशी सहलींची आखणी करणं हे माझं रोजचं काम. मालदीव हे त्यातलं हल्ली सगळ्यात जास्त विचारलं जाणारं ठिकाण: लग्नाचा पंचविसावा वाढदिवस, नवं जोडपं, नाहीतर आजी-आजोबांसकट सगळं घर. लाखांत पैसे मोजून गेलेली माणसं परत येतात तेव्हा समुद्राबद्दल भरभरून बोलतात आणि मग एखादी गोष्ट मनाला लागलेली सांगतात. ती गोष्ट बहुतेक वेळा निघायच्या महिनाभर आधीच, बुकिंग करताना बिघडलेली असते. तिथे पोचल्यावर दुरुस्तीला वाव फार कमी, कारण मालदीवमध्ये बहुतेक ठिकाणी एक बेट म्हणजे एक रिसॉर्ट. बेटावर दुसरं हॉटेल नाही, मेडिकल नाही, किराणा दुकान नाही. जे ठरवून गेलात तेच मिळणार.

आधी रिसॉर्ट, मग विमान

सर्वांत महाग पडणारी चूक हीच. फोटो बघून रिसॉर्ट ठरतं, पैसे भरले जातात आणि मग तिकिटं शोधायला बसतात. इंदूरहून मालेला थेट विमान नाही. मुंबई किंवा बंगळूरूमार्गे जावं लागतं आणि माले विमानतळावर उतरल्यावरही प्रवास संपत नाही. रिसॉर्ट जवळ असेल तर स्पीडबोट, लांब असेल तर सीप्लेन (पाण्यावर उतरणारं छोटं विमान), फारच लांब असेल तर देशांतर्गत विमान आणि पुढे बोट.

सीप्लेन फक्त दिवसाउजेडी उडतं. साधारण दुपारी साडेतीन-चारनंतर मालेला उतरलात तर त्या दिवशी ते मिळणं अवघड. मग विमानतळाजवळच्या हुलहुमालेत रात्र काढायची, तिथलं हॉटेल वेगळं आणि रिसॉर्टची पहिली रात्र वाया. ती रात्र सगळ्यात दुखते, कारण तिचे पैसे आधीच गेलेले असतात. परतीलाही हेच: मालेहून भल्या पहाटेचं विमान घेतलं तर आदल्या संध्याकाळीच बेट सोडावं लागतं.

म्हणून उलट्या क्रमाने जा. आधी मालेला पोचण्याची आणि निघण्याची वेळ बघा, मग रिसॉर्ट. दुपारी दोनच्या आत पोचत असाल तर सीप्लेनवाली रिसॉर्ट्स विचारात घ्या. संध्याकाळी पोचत असाल तर रात्रीही स्पीडबोट पाठवणारं रिसॉर्ट निवडा, मन शांत राहील. सीप्लेनची नेमकी वेळ आदल्या संध्याकाळी कळते, ते वाटेत इतर रिसॉर्टवरही थांबतं आणि आत टॉयलेट नसतं. आजोबांना हे आधीच सांगून ठेवा.

इंदूर ते मुंबई आणि मुंबई ते माले अशी दोन वेगवेगळी तिकिटं काढली असतील तर पहिलं विमान उशिरा आल्यावर दुसऱ्या कंपनीवर काही बंधन नसतं. सामान मध्ये उतरवून पुन्हा चेक-इन करावं लागतं. देशांतर्गत विमान एका टर्मिनलवर उतरतं आणि आंतरराष्ट्रीय दुसऱ्यावरून सुटतं, असं मुंबईतही होतं आणि बंगळूरूतही. शक्य तर एकाच पीएनआरवर तिकीट घ्या. नसेल जमत तर मध्ये निदान पाच तास ठेवा.

प्लॅनमध्ये काय आहे ते तोंडी विचारणं

ऑल-इन्क्लुझिव्ह म्हणजे राहणं, जेवण आणि पेयं एकाच रकमेत; पण ते प्रत्येक रिसॉर्टचं वेगळं असतं. मुख्य रेस्टॉरंटचा बुफे आणि ठरलेल्या ब्रँडची पेयं जवळपास सगळीकडे असतात. पण पाण्यावरचं खास रेस्टॉरंट, भारी मद्य, स्पा, जेट-स्की, डॉल्फिन दाखवायला नेणारी बोट, फोटोग्राफर हे बहुतेक ठिकाणी वेगळं. मिनीबार कुठे आत, कुठे बाहेर. सीप्लेनचं भाडं पुष्कळदा प्लॅनमध्ये नसतं आणि ते माणशी जाऊन-येऊन काहीशे डॉलर असतं. नाताळ आणि नववर्षाच्या रात्रीचं खास जेवण बऱ्याच ठिकाणी सक्तीचं असतं, त्याचे पैसे निराळे.

एजंट फोनवर ‘हो हो, सगळं आहे’ म्हणाला तरी थांबू नका. ईमेलवर यादी मागवा. प्लॅन पहिल्या दिवशी किती वाजता सुरू होतो, शेवटच्या दिवशी किती वाजता बंद होतो, खास रेस्टॉरंटमध्ये किती जेवणं, मुलांसाठी वयाची अट काय, ट्रान्सफर, म्हणजे विमानतळावरून ने-आण, आहे की नाही. उत्तरं लेखी आली की प्रिंट काढून पासपोर्टबरोबर ठेवा. रिसेप्शनवर वाद झालाच तर हा कागदच कामी येतो.

किमतीच्या पुढचे दोन अधिक

तिथल्या मेन्यू कार्डावर किंवा स्पाच्या दरपत्रकावर किमतीपुढे दोन अधिक चिन्हं छापलेली दिसतील. त्यांच्याकडे लक्ष जात नाही. समजा मसाज 100 डॉलरचा आहे. त्यावर 10 टक्के सेवाशुल्क, म्हणजे 110. आता या 110 वर 17 टक्के पर्यटन जीएसटी, म्हणजे 128 डॉलर 70 सेंट. जुलै 2025 पासून हा कर 16 वरून 17 टक्के झाला, त्यामुळे जुन्या माहितीवर हिशेब करू नका.

शिवाय ग्रीन टॅक्स. जानेवारी 2025 पासून रिसॉर्टमध्ये तो माणशी दर रात्री 12 डॉलर आहे, आधी 6 होता. चौघांचं कुटुंब चार रात्री राहिलं तर 192 डॉलर. बुकिंगच्या रकमेत तो धरला आहे का, हे विचारा. नसेल तर निघताना भरावा लागतो.

एजंटकडून टूर पॅकेज घेताना टीसीएस, म्हणजे आगाऊ वसूल केलेला आयकर, आकारला जातो. तो खर्च समजून सोडून देऊ नका. पॅन बरोबर दिला असेल तर आयकर खात्याच्या 26 एएस या तुमच्या कर-विवरणात दिसतो आणि रिटर्न भरताना वळता करून घेता येतो. कितीतरी लोक हे विसरतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

बॅगेत काय नको

आपल्या घरांमध्ये प्रवासाला निघताना बाळकृष्ण किंवा छोटा चांदीचा गणपती बरोबर घेण्याची पद्धत आहे. मालदीवमध्ये पूजेच्या मूर्ती नेण्यावर बंदी आहे आणि विमानतळावर सामान स्कॅन होतं. लोकमान्य नगरातल्या एका आजींची मूर्ती तिथल्या कस्टम्सने ठेवून घेतली. परतताना मिळाली, पण मधले सगळे दिवस त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. देव घरीच ठेवा, पूजा शेजाऱ्यांकडे सोपवा. दारू आणि डुकराचं मांसही नेता येत नाही. ड्यूटी फ्रीमधून घेतलेली बाटली कस्टम्सकडे जमा होते, पावती सांभाळली तर जाताना परत मिळते. वेप न्यायला नोव्हेंबर 2024 पासून बंदी आहे.

वजनाचं गणितही वेगळं. सीप्लेनमध्ये साधारण माणशी 20 किलो सामान आणि 5 किलो हातातली बॅग चालते, वरच्या प्रत्येक किलोला पैसे. इंदूरहून निघताना शेव, खाकरे, लोणच्याची बरणी असं करत बॅग भरते. थोडं न्या, पण वजन काट्यावर बघून.

नियमित औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत, मुलांचे डायपर आणि ओआरएस भरपूर. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त असू द्या. व्हिसा पोचल्यावर फुकट मिळतो. इमुगा नावाचं सरकारी ऑनलाइन घोषणापत्र मात्र जाताना आणि येताना, दोन्ही वेळा, विमानाच्या आधी 96 तासांच्या आत भरायचं. तेही फुकट आहे. त्यासाठी पैसे मागणारी साइट खरी नव्हे.

शाकाहारी असाल तर

भारतीय पाहुणे इतके येतात की बहुतेक मोठ्या रिसॉर्टमध्ये वरण-भात, पनीर, पोळी मिळते. तरी ‘व्हेज’ एवढंच सांगून भागत नाही. तिथल्या घरगुती स्वयंपाकाचा जीव ट्यूना मासा आहे. सकाळच्या बुफेत मास हुनी नावाचा पदार्थ असतो: खवलेलं खोबरं, कांदा, हिरवी मिरची, लिंबू. दिसायला थेट आपल्या ओल्या खोबऱ्याच्या चटणीसारखा आणि शेजारी पोळीसारखी रोशी. त्यात ट्यूना असतो. वाढून घेण्याआधी विचारा. रश्श्यांमध्येही वाळवलेल्या माशाची पूड किंवा माशाचं पाणी असू शकतं.

उपाय सोपा आहे. जाण्याच्या आठवडाभर आधी रिसॉर्टला ईमेल करा: मासे, मांस, अंडी काहीच नाही, किंवा कांदा-लसूणही नाही. मग पोचल्यावर पहिल्याच जेवणाला शेफला भेटा. शेफ स्वतः येऊन टेबलापाशी उभे राहतात, काय चालतं ते विचारतात, आणि पुढचे दिवस निवांत जातात. सहलीत चतुर्थी किंवा एकादशी येत असेल तर साबुदाणा, मोरधन (भगर), शेंगदाण्याचं कूट बरोबर न्या. आधी कळवलं तर पुष्कळ ठिकाणी स्वयंपाकघरात ते करून देतात. ऐनवेळी सांगितलं तर आजींच्या वाट्याला केळी आणि दूध येतं.

समुद्राला तलाव समजणं

याबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. आपण पोहायला शिकतो तरणतलावात, फार तर महेश्वरला नर्मदेत. मालदीवचं पाणी इतकं स्वच्छ आणि निळं दिसतं की भीती वाटत नाही. बेटाभोवतीचं उथळ लगून शांत असतं, पण प्रवाळाच्या कडेला तळ एकदम खोल जातो, आणि बेटांमधल्या खाड्यांमध्ये प्रवाह जोरदार असतो. चांगला पोहणाराही त्यात दमतो.

पहिल्या दिवशी वॉटर स्पोर्ट्स सेंटरवर जा आणि विचारा: आज प्रवाह कुठल्या बाजूला आहे, कुठून आत जायचं, कुठून बाहेर यायचं. एकट्याने स्नॉर्कलिंग, म्हणजे मास्क आणि श्वासाची नळी लावून तरंगत पाण्याखालचं बघणं, नको. पोहता येत असलं तरी लाइफ जॅकेट घाला. मास्क आधी कमरेइतक्या पाण्यात लावून बघा. जाताना प्रवाहाच्या विरुद्ध जा, म्हणजे दमल्यावर परतताना तो साथ देतो. ओढले गेलातच तर त्याच्याशी झुंजू नका. उताणे तरंगा, हात वर करा, आणि ताकद असेल तर प्रवाहाला आडवं पोहत बाहेर पडा. दारू पिऊन पाण्यात उतरायचं नाही, प्लॅनमध्ये कितीही फुकट असली तरी.

उन्हाचा मार पाठीवर बसतो, कारण पोटावर तरंगत तासभर कसा जातो ते कळत नाही. लांब बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट क्रीमपेक्षा जास्त उपयोगी. प्रवाळावर पाय ठेवू नका: तो जिवंत असतो, मोडतो, आणि कापलं तर जखम लवकर भरत नाही. कापलंच तर स्वच्छ पाण्याने धुऊन कण काढा, अँटिसेप्टिक लावा आणि रिसॉर्टच्या डॉक्टरांना दाखवा. प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून बॅगेत टाकणं हा तिथे गुन्हा आहे.

लहान मुलं असतील तर पाण्यावरच्या व्हिलाचा हट्ट सोडा. बऱ्याच व्हिलांच्या डेकला कठडा नसतो आणि पायऱ्या सरळ समुद्रात उतरतात. वाळूवरचा बीच व्हिला स्वस्त पडतो, मुलं मोकळी खेळतात आणि गुडघे दुखणाऱ्या आजींनाही लांबलचक लाकडी पूल चालावा लागत नाही.

मे महिन्याच्या सुट्टीचा घोळ

आपल्या शाळांची सुट्टी मे-जूनमध्ये, आणि मालदीवचा नैर्ऋत्य मोसमी पाऊस साधारण मे ते ऑक्टोबर. दर उतरतात, पण वारा असतो, समुद्र खवळतो. कोरडा काळ डिसेंबर ते एप्रिल. पावसात जायचंच असेल तर बा अटोल या बेटसमूहातलं रिसॉर्ट बघा. तिथल्या हनिफारू खाडीत मे ते नोव्हेंबरमध्ये खाद्य शोधत मांटा रे नावाचे मोठे चपटे मासे मोठ्या संख्येने येतात. स्कूबाला (हवेची टाकी पाठीला लावून बुडी मारायला) तिथे परवानगी नाही, फक्त स्नॉर्कलिंग. ही सहल प्लॅनमध्ये सहसा नसते, तिचे पैसे वेगळे ठेवा.

तरीही काही बिघडलं तर

बॅग आली नाही: विमानतळ सोडण्याआधी कंपनीच्या काउंटरवर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. तो रिसॉर्टला दिला की बॅग पुढच्या सीप्लेनने येऊ शकते. खोली सांगितलेल्या प्रकारची नाही: सामान उघडण्याआधी ड्यूटी मॅनेजरला बोलवा, फोटो काढा, एजंटला त्याच वेळी मेसेज करा. दोन रात्री झोपून मग तक्रार केली तर कोणी ऐकत नाही. पोट बिघडलं: डॉक्टरांची फी प्लॅनमध्ये नसते, म्हणून प्रवास विम्याच्या नंबरवर आधी फोन करा आणि प्रत्येक पावती ठेवा. जेवणाची वेळ चुकली: रिसॉर्टचं घड्याळ बघा. मालदीव भारताच्या अर्धा तास मागे आहे, पण कित्येक रिसॉर्ट्स स्वतःचं घड्याळ एक तास पुढे ठेवतात, म्हणजे आपल्या अर्धा तास पुढे. सीप्लेनची वेळ विमानतळाच्या घड्याळाने आहे की बेटाच्या, हे नक्की विचारा.

स्कूबा केलं असेल तर शेवटच्या डाइव्हनंतर 18 ते 24 तास विमानात बसू नका. सीप्लेनही त्यात आलं.

बिल निघायच्या आदल्या संध्याकाळीच मागा. बोट धक्क्याला लागलेली असताना चार पानी बिल कोणी नीट वाचत नाही. सही केलेल्या चिठ्ठ्या समोर ठेवून एकेक ओळ बघा: मिनीबार, प्लॅनबाहेरची पेयं, फोटो. कार्डाने पैसे देताना मशीन डॉलर की रुपये विचारतं. डॉलर निवडा, रुपये निवडले तर मशीनवाल्या कंपनीचा विनिमय दर लागतो, तो सहसा महाग पडतो. आणि कार्डावरचा आंतरराष्ट्रीय व्यवहार बँकेच्या अॅपमधून इंदूरमध्येच सुरू करून ठेवा, ओटीपीसाठी लागणाऱ्या नंबरचं रोमिंगही.