संगणक लॉगिन होऊ देत नाही? फॉरमॅट मारण्याआधी हे तपासा

कालपर्यंत चालणारा पासवर्ड आज संगणक घेत नाही, तेव्हा बहुतेक जण तोच पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकत बसतात, नाहीतर वैतागून कुणालातरी ‘फॉरमॅट मारून टाका’ म्हणतात. दोन्हींची घाई करू नका. लॉगिन अडलं तरी तुमचे फोटो, कागदपत्रं, हिशेब डिस्कवर बहुतेक वेळा जागच्या जागी असतात. ते जातात नंतरच्या घाईत. म्हणून आधी एवढंच ठरवा: संगणक पासवर्डच नाकारतोय, की पासवर्ड घेऊनही आत सोडत नाही? या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि एकीचं औषध दुसरीला लागू पडत नाही.

पडद्यावर आलेला संदेश नीट वाचा आणि फोनने त्याचा फोटो काढून ठेवा. पुढे कुणाला दाखवायची वेळ आली तर ‘काहीतरी एरर येतोय’ यापेक्षा तो फोटो शंभर पटींनी उपयोगी पडतो. त्या संदेशात फोन नंबर दिला असेल, तर मात्र तिथे फोन करू नका. विंडोजच्या खऱ्या एरर संदेशात मदतीसाठी फोन नंबर कधीच नसतो. तो फसवणुकीचा प्रकार असतो.

खालच्या पायऱ्या विंडोज १० आणि ११ धरून दिल्या आहेत. मॅक आणि लिनक्सबद्दल शेवटाकडे थोडं आहे.

१. आधी कीबोर्डवर संशय घ्या

पासवर्डच्या चौकटीत फक्त ठिपके दिसतात, त्यामुळे प्रत्यक्षात काय उमटतंय हे कळत नाही. चौकटीच्या उजव्या टोकाला डोळ्याचं चिन्ह असतं. पासवर्ड टाइप करा आणि एंटर मारण्याआधी ते दाबून पाहा. निम्मी कोडी इथेच सुटतात.

कॅप्स लॉक सगळ्यांना आठवतो. भाषा मात्र आठवत नाही. मराठी टाइप करण्यासाठी तुम्ही दुसरा कीबोर्ड घातला असेल, तर लॉगिनच्या पडद्यावर खाली उजव्या कोपऱ्यात भाषेची छोटी अक्षरं दिसतात. तिथे चुकून मराठी निवडलेली असेल, तर तुम्ही इंग्रजी अक्षरांच्या कळा दाबता आणि आत देवनागरी उमटते. वरून सगळे ठिपके सारखेच. विंडोजची कळ दाबून धरा, स्पेसबार दाबा आणि इंग्रजीवर या. तिथेही अमेरिकन आणि ब्रिटिश मांडणीत ॲट आणि अवतरणचिन्हाच्या जागांची अदलाबदल असते, म्हणून पासवर्डात अशी खूण असेल तर ती डोळ्याच्या चिन्हाने जरूर पाहा.

लहान लॅपटॉपवर नम लॉक चालू झाला, तर काही अक्षरांच्या कळा आकडे उमटवू लागतात. उलट, मोठ्या कीबोर्डवर तो बंद असेल तर उजवीकडचे आकडे उमटतच नाहीत आणि पिन अपुरा राहतो. एखादी कळच मेली आहे अशी शंका असेल, तर कोपऱ्यातल्या ॲक्सेसिबिलिटीच्या चिन्हातून पडद्यावरचा कीबोर्ड उघडा आणि माउसने टाइप करा.

२. रीस्टार्ट करा, पण खराखुरा

कोपऱ्यातल्या पॉवरच्या चिन्हातून ‘रीस्टार्ट’ निवडा. ‘शट डाउन’ करून पुन्हा चालू करणं म्हणजे तेच, असं वाटतं, पण तसं नाही. ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर शट डाउन करताना विंडोज आपल्या गाभ्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवतं आणि पुढच्या वेळी तीच परत उचलतं. अडकलेली गोष्ट अडकलेलीच राहते. रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं. त्याआधी पेनड्राइव्ह आणि जादा उपकरणं काढून घ्या.

३. पिन मागतोय की पासवर्ड?

इथे सर्वांत जास्त गोंधळ होतो. पिन फक्त त्या एका संगणकापुरता असतो. मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड त्या खात्याचा, म्हणजे जिथे जिथे ते खातं वापरता तिथला. लोकल खातं, म्हणजे फक्त त्या संगणकावरच उघडलेलं खातं असेल, तर त्याचा पासवर्ड तिसराच. वर्षभर पिनने आत जाणाऱ्याला पासवर्डाची आठवण राहत नाही, आणि अपडेटनंतर संगणकाने अचानक पासवर्ड मागितला की तो त्यात पिन भरत राहतो. चौकटीखाली ‘साइन-इन ऑप्शन्स’ असतं. तिथे किल्लीचं चिन्ह म्हणजे पासवर्ड, आकड्यांचं चिन्ह म्हणजे पिन. दोन्ही वेगवेगळे करून पाहा.

फोनवरून मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड बदलला असेल तर आणखी एक गंमत होते. संगणक इंटरनेटवर नसेल, तर तो आपल्याकडे साठवलेला जुनाच पासवर्ड ओळखतो. खाली उजवीकडच्या नेटवर्कच्या चिन्हातून वायफाय जोडा आणि नवा पासवर्ड टाका. जोडता येत नसेल तर जुना टाकून पाहा.

पिन बऱ्याचदा चुकला, तर विंडोज ‘ए१बी२सी३’ ही अक्षरं टाइप करायला सांगतं. हे पाहून व्हायरस आला असं समजून लोक घाबरतात. तसं काही नसतं. कीबोर्ड नीट चालतोय ना आणि कळा चुकून तर दाबल्या जात नाहीत ना, एवढंच तपासलं जातं. ती अक्षरं इंग्रजीत भरा आणि पुढे जा. त्यानंतरही चुकत राहिलं तर पिन काही काळ बंद होतो. पासवर्डाचंही तसंच: विंडोज ११ नव्याने बसवलेल्या संगणकांवर १० चुकांनंतर खातं १० मिनिटं कुलूपबंद होतं. तेवढा वेळ हात आवरा.

आणखी एक कारण सहज ध्यानात येत नाही, ते म्हणजे घड्याळ. लॉगिनच्या पडद्यावरची तारीख-वेळ पाहा. मदरबोर्डवरचा छोटा सेल संपला तर संगणक जुन्या तारखेवर जातो, सुरक्षित जोडणीची प्रमाणपत्रं चुकीची ठरतात आणि ऑनलाइन पडताळणी अडते. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये जाऊन तारीख दुरुस्त करा आणि सेल बदला. डेस्कटॉपमध्ये बहुधा सीआर२०३२ लागतो.

४. पासवर्ड खरंच विसरला असेल तर

मायक्रोसॉफ्ट खातं असेल तर फोनच्या ब्राउझरमधून पासवर्ड रीसेट करा, संगणक इंटरनेटला जोडा आणि नवा टाका. खात्याशी जोडलेला जुना फोन नंबर आणि ईमेल दोन्ही हाताशी नसतील आणि सगळीच माहिती बदलावी लागली, तर ३० दिवस थांबावं लागतं. लोकल खात्यावर एकदा चुकीचा पासवर्ड टाकला की ‘रीसेट पासवर्ड’ दिसतं आणि खातं उघडताना भरलेले तीन प्रश्न विचारले जातात. संगणकावर घरातल्या दुसऱ्या कुणाचं ॲडमिन खातं असेल, तर तिथून तुमच्या लोकल खात्याचा पासवर्ड बदलता येतो. मात्र असा बाहेरून बदलला, तर विंडोजच्याच सोयीने कूटबद्ध केलेल्या फायली आणि साठवलेले पासवर्ड हातचे जाऊ शकतात. म्हणून हा मार्ग शेवटी ठेवा.

५. पासवर्ड बरोबर, तरी आत जाता येत नाही

‘युजर प्रोफाइल सर्व्हिस’चा एरर आला, किंवा आत गेलात पण डेस्कटॉप रिकामा, तर तुमची प्रोफाइल, म्हणजे तुमच्या खात्याच्या फायली आणि सेटिंग्जचा संच, लोड झालेली नाही. अशा वेळी विंडोज कधी कधी तात्पुरती प्रोफाइल देतं. फायली पुसल्या गेल्या असं वाटून छातीत धस्स होतं, पण सी ड्राइव्हमधल्या ‘युजर्स’ फोल्डरात तुमच्या नावाचं फोल्डर उघडून पाहा. सहसा सगळं तिथेच असतं. या तात्पुरत्या डेस्कटॉपवर नवं काहीही सेव्ह करू नका, बाहेर पडताच ते पुसलं जातं. फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि मग दोन-तीनदा रीस्टार्ट करा. तरीही सुधारलं नाही तर नवं खातं उघडून फायली तिकडे हलवणं हा सर्वांत कमी जोखमीचा उपाय. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या साठ्यात, हात घालण्यापेक्षा मी हेच सुचवेन.

पासवर्डानंतर नुसता काळा पडदा राहिला, तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकत्र दाबा. त्याने ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. माउसचा बाण दिसत असेल तर कंट्रोल, ऑल्ट, डिलीट दाबून टास्क मॅनेजर उघडा, ‘रन न्यू टास्क’मध्ये इंग्रजीत ‘एक्सप्लोरर डॉट ईएक्सई’ टाका.

अपडेटनंतर बिघडलं असेल तर शिफ्ट दाबून धरून ‘रीस्टार्ट’ निवडा. निळा पडदा येईल. ‘ट्रबलशूट’मधून ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जा. तिथे ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ आहे, ‘सिस्टिम रिस्टोअर’ आहे आणि ‘स्टार्टअप सेटिंग्ज’मधून सेफ मोड, म्हणजे अगदी गरजेपुरतं विंडोज सुरू करायचा पर्याय, आहे: ४ दाबला तर साधा, ५ दाबला तर इंटरनेटसह. लॉगिनचा पडदाच येत नसेल, तर सुरू होत असताना पॉवरचं बटण दाबून धरून बंद करा. असं दोन-तीनदा केलं की हाच निळा पडदा आपोआप उघडतो.

या वाटेवर किंवा बायोस अपडेटनंतर कधी कधी बिटलॉकरची, म्हणजे डिस्क कूटबद्ध करणाऱ्या विंडोजच्या सोयीची, ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. ती पासवर्डाहून वेगळी असते आणि अंदाजाने सापडणं अशक्य. फोनवरून मायक्रोसॉफ्ट खात्यात जा आणि तुमच्या उपकरणांच्या यादीत ती शोधा. पडद्यावर दिलेल्या ओळख क्रमांकाची सुरुवातीची अक्षरं जुळतात का पाहा, कारण एका खात्यात दोन-तीन संगणकांच्या कीज असू शकतात. घरातल्या ज्याने संगणक पहिल्यांदा सुरू करून दिला, त्याच्या खात्यातही ही की असू शकते. ती कुठेच मिळाली नाही, तर डिस्कवरचा डेटा कुणालाही काढता येत नाही, दुरुस्ती करणाऱ्यालाही नाही.

मॅक आणि लिनक्स

मॅकवर काही वेळा चुकल्यावर रीसेटचा पर्याय स्वतःहून येतो. न आल्यास ॲपलच्या स्वतःच्या चिपचा मॅक बंद करा आणि पॉवरचं बटण स्टार्टअपचे पर्याय येईपर्यंत दाबून धरा. इंटेलच्या मॅकवर सुरू होताना कमांड आणि आर. पासवर्ड रीसेट केल्यावर जुनी कीचेन (मॅकने साठवलेल्या पासवर्डांची पेटी) जुन्याच पासवर्डाने उघडते, हे लक्षात असू द्या. लिनक्सवर पासवर्ड घेऊन पुन्हा लॉगिनचाच पडदा येत असेल, तर आधी डिस्क भरलीय का पाहा: कंट्रोल, ऑल्ट, एफ३ दाबून अक्षरी पडद्यावर लॉगिन होता येतं, तिथून जागा मोकळी करा.

आत गेल्यावर लगेच

त्याच बैठकीत महत्त्वाच्या फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. दुसरं एक ॲडमिन खातं उघडा आणि त्याचा पासवर्ड कागदावर लिहून ठेवा. बिटलॉकर चालू असेल तर त्याची की छापून त्याच कागदासोबत ठेवा, संगणकाच्या पिशवीत मात्र नको. मायक्रोसॉफ्ट खात्यातला फोन नंबर आजचा आहे ना, तेही बघून घ्या. ‘रीसेट धिस पीसी’ करायची पाळी आलीच, तर ‘कीप माय फाइल्स’ निवडलंत की वैयक्तिक फायली राहतात, बसवलेले प्रोग्रॅम जातात. त्यांची यादी आधीच करून ठेवा.