स्पॉटिंग स्कोप पारखा दिवस मावळताना
शिकारीसाठी महागडा स्पॉटिंग स्कोप (लांबचं बघायची, ट्रायपॉडवर लावायची एका डोळ्याची दुर्बीण) घेताना दुकानातल्या लखलखाटावर जाऊ नका. तिथे सगळेच छान दिसतात. मावळतीला बाहेर नेऊन बघा. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले वर्धन (म्हणजे किती पट मोठं दिसतं ते), एवढाच जाड प्रकाशझोत डोळ्यापर्यंत पोहोचतो: ८५ मिमीचा स्कोप २५ पटीवर ३.४ मिमी देतो, ६० पटीवर जेमतेम १.४. म्हणजे अंधारताना ६० पटीचा फारसा उपयोग नाही, आणि भर उन्हात तापलेल्या हवेमुळे चित्र थरथरतं ते वेगळंच. आभाळासमोरच्या काळ्या फांदीच्या कडेला जांभळी-हिरवी झालर दिसली, म्हणजे भिंगात रंगदोष असला, तर एवढे पैसे कशाला मोजायचे? ओझं घेऊन डोंगर चढायचा असेल तर ६५ मिमीचा हलका स्कोप पुरे. ट्रायपॉडवर मात्र कंजुषी नको.