लॅपटॉपचा प्रोसेसर बदलायचाय? आधी ही चाचणी करा
गेम अडखळला की प्रोसेसरवर खापर फुटतं. खरं काय ते पाच मिनिटांत कळतं.

१. व्ही-सिंक (गेमचा वेग स्क्रीनच्या वेगाशी बांधणारी सेटिंग) आणि एफपीएस (सेकंदाला किती चित्रं दिसतात तो आकडा) यावरची मर्यादा बंद करा, नाहीतर आकडा फसवेल.
२. गेममधल्या एकाच जागी उभे राहून एफपीएस बघा. मग फक्त रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा.
३. एफपीएस चांगलाच वाढला, तर अडतंय ग्राफिक्स कार्डापाशी. आकडा जागचा हललाच नाही, तर प्रोसेसरपाशी. तेव्हाही तापमान बघाच. ९५ अंशांच्या आसपास असेल तर आधी पंख्यातली धूळ काढा, माझ्या मते निम्मं दुखणं तिथंच असतं.

सावधान: आजच्या बहुतेक गेमिंग लॅपटॉपमध्ये प्रोसेसर मदरबोर्डवर सोल्डर केलेला असतो. सीपीयू-झेड या प्रोसेसरची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये ‘पॅकेज’समोर बीजीए (म्हणजे सोल्डर केलेला, काढून बदलता न येणारा) दिसलं, तर नवा प्रोसेसर विकत घेऊ नका.