कोंबड्या अंडी देत नाहीत? औषध आणण्याआधी या चुका टाळा

परसात चार-पाच कोंबड्या आहेत, दाणापाणी वेळेवर होतंय, तरी अंडी बंद. अशा वेळी घाईत खाद्य बदललं जातं, पाण्यात टॉनिक पडतं आणि जंताचं औषधही दिलं जातं, सगळं एकाच आठवड्यात. त्यातून अंडी सुरू झाली तरी नेमकं काय लागू पडलं ते कळत नाही. नाही झाली, तर एवढ्या बदलांनी कोंबडी आणखी बिचकते. म्हणून एका वेळी एकच बदल करा, आणि त्याहीआधी कोंबडी हातात घेऊन बघा.

न तपासताच सगळ्या कोंबड्यांना दोष देणं

पाच कोंबड्यांत दोनच अंडी मिळतात म्हणजे पाचही कमी देतायत असं नाही. दोन नीट देत असतील आणि तीन बंद असतील. हे ओळखायला संध्याकाळी, कोंबड्या खुराड्यातल्या दांडीवर बसल्या की, एकेकीला शांतपणे उचला. शेपटीखाली, अंडं बाहेर येतं त्या छिद्राच्या दोन्ही बाजूंना दोन टोकदार हाडं हाताला लागतात. त्यांच्यामध्ये दोन-तीन बोटं सहज मावत असतील आणि छिद्र मोठं, ओलसर, फिकट दिसत असेल, तर ती कोंबडी अंडी देतेय. जेमतेम एक बोट मावत असेल आणि छिद्र आकसलेलं, कोरडं असेल, तर ती बंद आहे. अंड्यावरच्या कोंबडीचा तुराही लालभडक आणि भरलेला असतो. बंद पडलेलीचा आक्रसतो, निस्तेज होतो.

पिवळ्या चोचीच्या आणि पिवळ्या पायांच्या जातींत आणखी एक खूण असते. अंडी सुरू झाली की अंगातला पिवळा रंग बलकात जायला लागतो. तो आधी छिद्राभोवतीचा जातो, मग डोळ्याभोवतीचा, मग चोचीचा आणि शेवटी पायांचा. अंडी थांबली की त्याच क्रमाने परत येतो. पाय फिके पण छिद्राभोवती पिवळेपणा दिसतोय, म्हणजे कोंबडी भरपूर अंडी देऊन नुकतीच थांबली आहे. पायही पिवळेधमक असतील तर तिला थांबून बरेच दिवस झालेत.

अंडी होतच नाहीत असं गृहीत धरणं

वरच्या तपासणीत कोंबडी अंड्यावर आहे असं दिसलं आणि तरी अंडी हाती लागत नसतील, तर ती कुठे जातात ते शोधा. मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्या झुडपात, सरपणाच्या ढिगात, गवताच्या गंजीआड अंडी लपवतात. बहुतेक अंडी सकाळच्या वेळात घातली जातात, त्यामुळे काही दिवस त्यांना दुपारपर्यंत कोंडून ठेवलं की उत्तर मिळतं. अंडी घालायच्या पेटीत एखादं खोटं अंडं ठेवल्यास त्यांना जागाही कळते. चार-पाच कोंबड्यांमागे साधारण फूटभर लांब-रुंद, अंधारी आणि मऊ अंथरलेली एक पेटी पुरते. फक्त ती बसायच्या दांडीपेक्षा खाली हवी, नाहीतर कोंबड्या रात्री तिच्यातच झोपून घाण करतात.

साप अख्खं अंडं गिळतो, मागे काहीच उरत नाही. कावळे फोडलेली टरफलं टाकून जातात. पेटीतलं गवत चिकट झालंय आणि एखादीच्या चोचीवर वाळलेला बलक आहे, तर अंडी तीच खातेय. अशा वेळी अंडी दिवसातून दोन-तीनदा उचला आणि कवचं पातळ तर नाहीत ना ते बघा. बहुतेकदा ही सवय फुटलेल्या अंड्यापासूनच लागते.

खायला खूप घालणं, पण हवं ते न घालणं

मला सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. नुसता मका, तांदूळ, स्वयंपाकघरातलं उरलंसुरलं यावर कोंबडीचं पोट भरतं, अंगावर चरबीही चढते, पण अंडं तयार व्हायला लागणारी प्रथिनं आणि कॅल्शियम मिळत नाही. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात साधारण १६ ते १८ टक्के प्रथिनं आणि साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम लागतं. लेअर खाद्यात, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांसाठीच्या तयार खाद्यात, हे प्रमाण साधलेलं असतं. त्यात तेवढेच दाणे मिसळले की सगळा हिशोब विस्कटतो. दाणे आणि उरलंसुरलं हा खाऊ समजा. तो दिवसाच्या एकूण खाण्याच्या दहाव्या भागापेक्षा जास्त नको, आणि दुपारनंतर, कोंबड्या पोटभर खाद्य खाऊन झाल्यावर द्या.

एका अंड्याच्या कवचात साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम असतं. कवच चढायला वीसेक तास लागतात आणि त्यातलं बरंचसं काम रात्री, कोंबडी उपाशी झोपलेली असताना चालतं. खाण्यातून पुरवठा झाला नाही तर ती स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढते. आधी कवचं पातळ होतात, मग बिनकवचाची अंडी पडतात आणि शेवटी अंडी बंद होतात. म्हणून शिंपल्यांचा जाडसर चुरा वेगळ्या भांड्यात कायम ठेवा. जाड तुकडे पोटात हळूहळू विरघळतात आणि रात्रभर पुरतात. खाद्यात जबरदस्तीने मिसळू नका, जिला हवं ती हवं तेवढं खाईल. पिल्लांना आणि अंड्यावर न आलेल्या तलंगांना (तरुण कोंबड्यांना) मात्र लेअर खाद्य देऊ नका. जास्तीच्या कॅल्शियमने त्यांचे मूत्रपिंड बिघडतात.

पाणी तर याहून महत्त्वाचं. अंड्यात तीन-चतुर्थांश पाणीच असतं, आणि कडक उन्हात भांडं काही तास कोरडं पडलं तरी अंड्यांवर परिणाम दिसतो. भांडं सावलीत ठेवा आणि रोज घासून भरा. तापमान ३० अंशांच्या पुढे गेलं की कोंबड्या धापा टाकतात, खाणं कमी करतात आणि कवचंही पातळ होतात.

विश्रांतीला आजार समजणं

वर्षातून एकदा कोंबडी पिसं गाळते. आधी डोकं-मान, मग छाती-पाठ, मग पंख आणि शेपटी. खुराड्यात पिसांचा सडा पडतो, कोंबडी उघडीबोडकी दिसते आणि माणूस घाबरतो. पिसं जवळजवळ प्रथिनांचीच असतात, ती नव्याने उगवायची म्हणजे अंडी बंदच. यात दोन-तीन महिने जातात. औषध लागत नाही. प्रथिनं जास्त असलेलं खाद्य द्या आणि कमीत कमी हाताळा, कारण उगवती पिसं दुखतात.

खुडूक बसलेली कोंबडीही अशीच. पेटीतून हलत नाही, हात नेला की फुगून चोच मारते. पिल्लं काढायची असतील तर २१ दिवस तिला बसू द्या. नसतील तर अंडी रोज उचला आणि तिला तीन-चार दिवस जाळीच्या तळाच्या, खालून हवा लागेल अशा उंच पिंजऱ्यात दाणापाण्यासह ठेवा. पाण्यात बुडवणं, उलटं टांगणं असले प्रकार करू नका. ते क्रूर आहेत.

दिवस लहान झाल्यावरही अंडी घटतात. भरपूर अंड्यांसाठी १४ ते १६ तास उजेड लागतो. दिवा लावायचाच असेल तर पहाटे लावा. संध्याकाळी एकदम अंधार झाला तर कोंबड्या दांडीवर न चढता खालीच अडकतात.

वय आणि जात यांचाही विचार करा. संकरित तलंग १८ ते २२ आठवड्यांत अंड्यावर येते, गावरानला त्याहून जास्त वेळ लागतो. दुसऱ्या वर्षापासून अंडी कमी होत जातात. आणि अंड्यासाठी कोंबडा लागत नाही, तो फक्त पिल्लांसाठी लागतो.

खुराडं दिवसाच बघणं

रक्त शोषणारे लाल माइट, म्हणजे अगदी बारीक किडे, दिवसा फटींत दडतात आणि रात्री कोंबड्यांवर चढतात. दिवसा अंगावर काहीच सापडत नाही, आणि कोंबडी मात्र फिकी पडत जाते, अंडी थांबवते, संध्याकाळी खुराड्यात शिरायला कुरकुरते. अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन जा आणि दांडीच्या खालच्या बाजूने, टोकाच्या खाचांतून पांढरा कागद घासा. कागदावर लाल रेघ उमटली तर माइट आहेत. नुसत्या कोंबड्यांवर औषध टाकून भागत नाही. खुराडं रिकामं करून फटी-खाचा धुवा, औषध मारा, आणि आठवड्याने पुन्हा मारा, कारण मधल्या काळात नवी पिल्लावळ बाहेर येते. औषध पशुवैद्यकाला विचारूनच घ्या, आणि ते दिल्यावर किती दिवस अंडी खायची नाहीत तेही विचारा.

जागा बदलली, कळपात नवी कोंबडी आली किंवा रात्री कुत्र्याने पिच्छा पुरवला, तरी दोन-तीन आठवडे अंडी थांबू शकतात. इथे वाट बघणंच योग्य.

पण काही खुणा दिसल्या तर वाट बघू नका. कोंबडी शेपटी पाडून ताठ उभी राहते, सारखी कण्हते आणि अंडं बाहेर येत नाही, तर ते आत अडकलेलं असू शकतं. तिला कोमट पाण्यात वीसेक मिनिटं बसवा, पोट दाबू नका आणि लवकर पशुवैद्यकाकडे न्या. एकाच वेळी सगळ्यांची अंडी घटली आणि सोबत खोकला, घरघर, हिरवट पातळ विष्ठा, मान वाकडी होणं किंवा एकामागून एक मर सुरू झाली, तर राणीखेतसारखा साथीचा रोग असू शकतो. आजारी कोंबड्या वेगळ्या करा, अंडी किंवा पक्षी कुणाला देऊ नका, मेलेले पक्षी उघड्यावर टाकू नका आणि त्याच दिवशी पशुवैद्यकांना कळवा.