नेटवर्कमधल्या संगणकांची वेळ जुळत नाही? या चुका टाळा

हळदीची गाडी वजनकाट्यावर चढली, पावतीवर वेळ ११.४०. कॅमेऱ्याच्या रेकॉर्डिंगमध्ये तीच गाडी ११.१८ ला दिसते. सांगलीच्या मार्केट यार्डात मालाच्या वजनावरून वाद झाला, तर असा पुरावा कुणाच्याच कामाचा नाही. कुपवाड एमआयडीसीतल्या कारखान्यांत हजेरीच्या मशीनचंही हेच होतं.

अशा वेळी मोबाईल बघून हाताने वेळ लावतात. ही सगळ्यात मोठी चूक. घड्याळ पुन्हा सरकतं आणि मूळ बिघाड तसाच राहतो.

आधी फरक किती आहे ते बघा. बिघाडाचं कारण बहुतेक वेळा तिथेच सापडतं. बरोबर साडेपाच तासांचा फरक असेल तर टाइम झोन तपासा. एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तरीही हाच फरक पडतो, कारण मदरबोर्डवरच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ ठेवतं आणि लिनक्स सहसा यूटीसी, म्हणजे भारतापेक्षा साडेपाच तास मागे असलेली जागतिक प्रमाणवेळ. मेन स्विच बंद केल्यावर तारीख थेट काही वर्षं मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा सेल बदला. बहुतेक डेस्कटॉपमध्ये तो सीआर२०३२ असतो.

रोज थोडं थोडं घड्याळ सरकत असेल, तर सिंक, म्हणजे टाइम सर्व्हरशी वेळ जुळवणं, होतच नाहीये. 'इंटरनेट चालू आहे की' म्हणून इथे बरेच जण फसतात. वेबसाइट उघडतात म्हणजे एनटीपी (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याची पद्धत) चालतं असं नाही. त्याला यूडीपी पोर्ट १२३ लागतो आणि फायरवॉलमध्ये नेमका तोच बंद असतो. लिनक्सवर क्रोनी ही वेळ जुळवणारी सेवा असेल तर 'क्रोनीसी ट्रॅकिंग' (chronyc tracking) ही कमांड चालवली की खरी स्थिती कळते.

एनटीपीडी या लिनक्सवरच्या वेळ जुळवणाऱ्या जुन्या सेवेची एक खोड लक्षात ठेवा. फरक १००० सेकंदांच्या वर असला की तो दुरुस्ती न करता बंदच पडतो. तेवढ्यापुरती वेळ एकदा हाताने जवळपास आणा, मग सेवा सुरू करा.

डोमेन (सगळ्या पीसींचं लॉगिन एकाच ठिकाणाहून सांभाळणारी व्यवस्था) असलेल्या ऑफिसात पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन होत नसेल तर लगेच पासवर्ड बदलू नका. लॉगिन तपासणारी कर्बेरोस ही पद्धत घड्याळांत ५ मिनिटांपेक्षा जास्त तफावत चालवून घेत नाही. प्रत्येक पीसीला वेगळा टाइम सर्व्हर देणंही चूकच. पीसींनी डोमेन कंट्रोलरकडून, म्हणजे डोमेन चालवणाऱ्या सर्व्हरकडून, वेळ घ्यावी आणि बाहेरून वेळ फक्त पीडीसी एम्युलेटरने (वेळेची जबाबदारी असलेल्या मुख्य डोमेन कंट्रोलरने) आणावी. बाहेरचा सर्व्हर एनआयसीचा (सरकारचं राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचा निवडा. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांतही हेच आहे.

डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारं मशीन) आणि हजेरीचं मशीन डोमेनमध्ये नसतं, म्हणून ते हमखास राहून जातं. त्यांच्या सेटिंगमध्ये एनटीपीचा पर्याय असेल तर तिथे आपल्याच सर्व्हरचा आयपी पत्ता टाका.