फ्रेझल व्हर्ब वाक्यात कसे वापरावे

'गिव्ह' म्हणजे देणे आणि 'अप' म्हणजे वर, हे दोन्ही अर्थ पक्के ठाऊक असले तरी 'ही गेव्ह अप स्मोकिंग' या वाक्याचा अर्थ त्यांची बेरीज करून हाती लागत नाही. त्याने धूम्रपान सोडले, हा अर्थ त्या जोडीचा स्वतःचा आहे. साध्या क्रियापदापुढे एक-दोन छोटे शब्द येऊन असा अर्थ तयार झाला, की त्या जोडीला फ्रेझल व्हर्ब म्हणतात. ही अडचण जुनीच आहे. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ साली प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेत परकीयांना सर्वांत जड जाणारा भाग म्हणून याच जोड्यांकडे बोट दाखवले होते. विद्यार्थी त्यावर उपाय म्हणून अर्थांच्या लांबलचक याद्या पाठ करतात. पण यादी पाठ असूनही बोलताना वाक्य अडते, कारण चूक अर्थात कमी आणि कर्माच्या जागेत जास्त होते. म्हणून नवे फ्रेझल व्हर्ब समोर आले, की अर्थाबरोबरच त्याला कर्म लागते का आणि लागत असल्यास ते कुठे बसते, हे आधी पाहावे.

काहींना कर्म लागतच नाही. 'द कार ब्रोक डाऊन' म्हणजे गाडी बंद पडली, 'शी ग्रू अप हिअर' म्हणजे ती इथे लहानाची मोठी झाली; येथे शब्दांची जागा बदलण्याचा प्रश्नच येत नाही. खरे लक्ष द्यावे लागते ते सकर्मक जोड्यांकडे. पंखा बंद कर असे सांगताना 'टर्न ऑफ द फॅन' आणि 'टर्न द फॅन ऑफ' ही दोन्ही वाक्ये बरोबर आहेत. मात्र 'द फॅन' या नामाऐवजी सर्वनाम आले, तर ते मध्येच बसले पाहिजे: 'टर्न इट ऑफ'. 'टर्न ऑफ इट' हे वाक्य कानाला कितीही सरळ वाटले तरी चूक आहे. हाच नियम 'मी', 'हिम', 'हर', 'देम' या सर्वनामांना लागू होतो, म्हणून मला सहा वाजता घ्यायला ये हे 'पिक मी अप ॲट सिक्स' असेच म्हणावे. याउलट कर्म लांबलचक असेल, तर ते मध्ये कोंबू नये. 'शी टर्न्ड डाऊन द जॉब दॅट हर अंकल हॅड फाऊंड फॉर हर' हे वाक्य सहज वाचता येते; तेच 'डाऊन' अगदी शेवटी नेले, तर वाचणारा तोपर्यंत क्रियापदाचा अर्थच हरवून बसतो.

दुसऱ्या गटातील जोड्या फुटत नाहीत. 'लुक आफ्टर', 'लुक फॉर', 'रन इंटू' यांत सर्वनामसुद्धा शेवटीच येते: 'लुक आफ्टर हर', 'आय ॲम लुकिंग फॉर इट'. कोणती जोडी कोणत्या गटातली, हे ओळखायला आघाताची मदत होते. 'टर्न इट ऑफ' म्हणताना जोर 'ऑफ'वर पडतो, तर 'लुक ॲट इट' म्हणताना तो 'लुक'वर पडतो. ही खूण आहे, पक्का नियम नव्हे. 'ओव्हर'सारख्या शब्दांच्या बाबतीत ती फसवते. खात्री करायची असेल तर विद्यार्थ्यांसाठी तयार केलेल्या इंग्रजी कोशात 'समथिंग' किंवा 'समबडी' हा शब्द कुठे छापला आहे ते पाहावे. तो क्रियापद आणि अव्यय यांच्या मध्ये दिसला, तर जोडी फुटते असे समजावे.

अर्थाच्या बाजूने मराठी माणसाला एक मोठी सोय आहे, आणि तिचा उपयोग शिकवताना फारसा केला जात नाही, याची खंत वाटते. आपणही 'खा' आणि 'खाऊन टाक', 'बोल' आणि 'बोलत राहा' यांत सहज फरक करतो. इंग्रजीत 'ईट इट अप' मधील 'अप' बरेचसे 'टाक'चे काम करते, म्हणजे क्रिया पूर्ण झाल्याचे सांगते. 'यूज अप' म्हणजे वापरून संपवणे. 'कॅरी ऑन', 'गो ऑन', 'कीप ऑन' यांतील 'ऑन' आपल्या 'राहा'प्रमाणे क्रिया चालू ठेवतो. अर्थात ही किल्ली प्रत्येक कुलपाला लागत नाही: 'लुक अप अ वर्ड' म्हणजे शब्द कोशात शोधणे, तेथे काही संपत नाही. 'ऑफ'बाबत तर विशेष जपावे. 'द मीटिंग वॉज कॉल्ड ऑफ' म्हणजे बैठक रद्द झाली, आणि 'द मीटिंग वॉज पुट ऑफ' म्हणजे ती पुढे ढकलली गेली; या दोहोंची गल्लत झाली, तर ऐकणारा बैठकीला येणारच नाही.

तीन शब्दांच्या जोड्या थोड्या आहेत, पण रोज लागतात. 'वी हॅव रन आउट ऑफ टाइम' म्हणजे वेळ संपला, 'आय कॅन्ट पुट अप विथ धिस नॉइज' म्हणजे हा गोंगाट मला सहन होत नाही. 'लुक फॉरवर्ड टू' नंतर क्रियापद आले, तर त्याचे 'इंग' रूप लागते: 'आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू'. पत्रांत सर्रास दिसणारे 'टू मीट यू' येथे चालत नाही. 'कोप अप विथ' असेही आपल्याकडे ऐकू येते. बरोबर रूप 'कोप विथ' आहे, त्यात 'अप'ला जागा नाही.

बॅकअप, चेकअप, सेटअप हे शब्द मराठीत नामे म्हणून रुळले आहेत, आणि नेमका त्यामुळेच एक घोटाळा होतो. नाम एका शब्दात लिहितात आणि त्यात आघात पहिल्या भागावर येतो. क्रियापद मात्र दोन शब्दांत लिहितात, आणि भूतकाळाचा प्रत्यय पहिल्याच शब्दाला लागतो. म्हणून 'आय बॅक्ड अप द फाइल्स' म्हणावे, 'आय बॅकअप्ड' नव्हे.

कुठे काय वापरावे, याचा विवेक सवयीने येतो. १०६६ मधील नॉर्मन विजयानंतर इंग्रजीत फ्रेंच आणि लॅटिन वळणाची असंख्य क्रियापदे आली आणि ती औपचारिक लेखनात स्थिरावली. त्यामुळे मित्राशी बोलताना 'पुट ऑफ' आणि कार्यालयीन पत्रात 'पोस्टपोन' हे सहसा शोभते. 'वेक अप', 'सिट डाऊन' अशा जोड्या मात्र दोन्हीकडे चालतात.

सरावासाठी दहा जोड्यांच्या यादीपेक्षा एक जोडी घ्यावी आणि तिची वाक्ये स्वतः लिहावीत. समजा, नाकारणे या अर्थाचे 'टर्न डाऊन' घेतले. आधी नाम घालून 'दे टर्न्ड डाऊन द ऑफर' लिहावे, मग सर्वनाम घालून 'दे टर्न्ड इट डाऊन', मग प्रश्न करून 'व्हाय डिड दे टर्न इट डाऊन?', आणि शेवटी कर्मणी प्रयोगात 'द ऑफर वॉज टर्न्ड डाऊन'. ही चारही वाक्ये मोठ्याने म्हणावीत आणि प्रत्येक वेळी 'डाऊन'वर जोर द्यावा. दुसऱ्या दिवशी वही न उघडता 'इट'चे वाक्य आठवून पाहावे. ते अडखळले, तर पुढची जोडी घेण्यापूर्वी याच जोडीची आणखी दोन वाक्ये लिहावीत.