पाळी जाताना होणारा त्रास संप्रेरकांच्या औषधांशिवाय कसा कमी करावा

सलग बारा महिने पाळी आली नाही, की रजोनिवृत्ती झाली असे मानतात. भारतात हे साधारणपणे 46-47 व्या वर्षी घडते. मात्र अंगातून गरम वाफा निघणे, रात्री दरदरून घाम फुटणे, झोपमोड आणि चिडचिड हा त्रास त्याआधीच सुरू होतो आणि नंतरही काही वर्षे टिकतो. स्तनाचा कर्करोग झालेल्या किंवा रक्ताच्या गुठळ्या झालेल्या स्त्रियांना संप्रेरके (हार्मोन्स) सहसा देत नाहीत, तर काहींना ती नकोच असतात. हा लेख अशा स्त्रियांसाठी आहे. पाळी चाळिशीच्या आत गेली असेल, तर मात्र हाडांच्या आणि हृदयाच्या दृष्टीने संप्रेरकांचा विचार डॉक्टरांशी बोलल्याशिवाय सोडू नये.

प्रथम थायरॉईड, हिमोग्लोबिन आणि साखर तपासून घ्यावी, कारण थायरॉईड वाढले तरी असाच घाम येतो आणि अशीच छातीत धडधड होते.

त्यानंतर दोन आठवडे एक वही ठेवावी. वाफ किती वाजता आली, त्याआधी काय खाल्ले-प्यायले आणि रात्री किती वेळा जाग आली, एवढेच लिहावे. इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक कमी झाले की शरीराचे तापमान सांभाळणारे मेंदूतील केंद्र हळवे होते. एरवी जाणवणारही नाही एवढ्या उष्णतेनेही ते घाम सोडायला लावते. म्हणून नाशिकमध्ये एप्रिल-मेच्या उकाड्यात त्रास वाढलेला वाटतो आणि डिसेंबरच्या थंडीतही जाड रजईखाली घाम फुटतो. एका रजईऐवजी दोन पातळ चादरी घेतल्यास एक चटकन बाजूला सारता येते. चहा, तिखट किंवा वाईन टाळल्याने वाफा कमी होतात, हे संशोधनात ठामपणे सिद्ध झालेले नाही. त्यामुळे रविवारची मिसळ सरसकट सोडण्याची गरज नाही. वहीत तिच्यापुढे वारंवार वाफेची नोंद दिसली, तरच सोडावी.

यापुढची पायरी आपल्याकडे फारशी कोणी सुचवत नाही, पण तिला पुराव्याचा चांगला आधार आहे. वाफ आली की ‘आता सगळ्यांसमोर घाम फुटणार’ हा विचार घाबरवतो आणि घाबरण्याने त्रास अधिक जाणवतो. विचार व वर्तनावर आधारित समुपदेशनात हे चक्र तोडायला शिकवतात. वाफांची संख्या त्याने फारशी घटत नाही, पण त्यांचा जाच आणि झोपेची तक्रार कमी होते. वजन जास्त असल्यास ते उतरवण्याचाही उपयोग होतो. नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर रोज चालल्याने वाफा थांबतीलच असे नाही; तरीही झोप, मन आणि हाडे यांसाठी चालावे.

एवढ्याने भागले नाही, तर औषधे आहेत. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत. नैराश्यावरील व्हेनलाफॅक्सिन किंवा कमी मात्रेतील पॅरॉक्सेटिन वाफा कमी करते. पॅरॉक्सेटिनला 2013 मध्ये अमेरिकेत याच कारणासाठी मान्यता मिळाली. रात्रीच्या घामासाठी झोपताना गॅबापेंटिन देतात. 2023 मध्ये तिथेच मान्यता मिळालेले फेझोलिनेटंट थेट मेंदूतील तापमान सांभाळणाऱ्या केंद्रावर काम करते, पण ते घेताना यकृताच्या तपासण्या कराव्या लागतात. स्तनाच्या कर्करोगावरील टॅमॉक्सिफेन हे औषध चालू असल्यास पॅरॉक्सेटिन टाळतात, कारण त्याने टॅमॉक्सिफेनचा परिणाम घटू शकतो. म्हणून चालू असलेल्या सर्व गोळ्या डॉक्टरांना दाखवाव्यात. ‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांबाबत माझे मत स्पष्ट आहे: सोया किंवा ब्लॅक कोहोश या वनस्पतीचा फायदा सातत्याने दिसलेला नाही आणि ब्लॅक कोहोशने क्वचित यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

योनीच्या कोरडेपणाविषयी स्त्रिया डॉक्टरांपुढेही बोलत नाहीत, आणि वाफा ओसरल्या तरी हा त्रास आपोआप जात नाही. आठवड्यातून दोन-तीन वेळा योनीसाठीचे मॉइश्चरायझर आणि संबंधाच्या वेळी पाण्यावर आधारित वंगण वापरावे. सुगंधी साबण टाळावा. हाडांसाठी दिवसाला 1000 ते 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. दूध, दही, तीळ आणि नाचणीची भाकरी यांतून त्याचा मोठा वाटा मिळतो.

पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी घरगुती उपाय न करता त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे आणि जाताना वही सोबत न्यावी.